परदेशची पदवी आणि स्वदेशातील सनद

(विहारात भरलेल्या पालकांच्या सभेपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. बारावीचे निकाल लागले आणि वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आटोपली, की आपल्या वस्त्यांतून एक निराळीच वर्दळ सुरू होते. गुळगुळीत कागदावर छापलेली माहितीपत्रके हातात घेऊन दलाल घरोघर हिंडू लागतात. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अशी नावे, जी आपल्या आजोबांनी भूगोलाच्या पुस्तकातही वाचली नव्हती, ती आज आपल्या ओसरीवर उच्चारली जातात. दलाल सांगतो की, सहा वर्षांत तुमचा मुलगा डॉक्टर होऊन परत येईल. सहा वर्षांत मुलगा पदवी घेऊन येईल असे तो म्हणाला असता, तर मला तक्रार करण्याचे कारण नव्हते. परंतु तो ‘डॉक्टर होऊन’ म्हणतो. पदवीधर होणे आणि डॉक्टर होणे यांमध्ये या देशाच्या कायद्याने एक दार उभे केलेले आहे. त्या दारासंबंधाने दलाल कधी चकार शब्द काढीत नाही, म्हणून मला आज बोलावे लागत आहे.

प्रथम एक भेद आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. काही विद्या अशा आहेत की त्यांची पदवी हाती आली म्हणजे मनुष्य त्या विद्येवर उपजीविका करण्यास मोकळा होतो. अर्थशास्त्राचा पदवीधर, वृत्तपत्रकार, संगणकाचा जाणकार यांस कोणत्याही परिषदेच्या वहीत नाव नोंदवावे लागत नाही. काही व्यवसाय मात्र असे आहेत की त्यांत चूक झाली तर दुसऱ्याचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता धोक्यात येते. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषधनिर्माता आणि वकील हे त्यांपैकी होत. यांच्यासाठी कायद्याने परिषदा नेमल्या, नोंदवह्या ठेवल्या आणि नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करण्यास मनाई केली. पदवी विद्यापीठ देते, सनद परिषद देते. विद्यापीठ परक्या देशातले असले तर त्याच्या पदवीस येथील परिषदेने मान्यता द्यावी लागते, आणि ही मान्यता मागितली म्हणजे मिळतेच असे नाही.

परदेशची पदवी घेऊन येणाऱ्याचा प्रवास बाबासाहेबांच्या चरित्राइतका दुसरीकडे स्पष्ट दिसत नाही. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र व समाजशास्त्र शिकून, पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू करून, १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणास शंका नव्हती. तरी कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत असे आणि राहावयास त्या शहरात जागा मिळेना. येथे पदवीस मान्यता होती, परंतु मनुष्यास नव्हती. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२२ मध्ये ‘ग्रेज इन’मधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईस परतले. त्या काळी विलायतेच्या बॅरिस्टरास मुंबईच्या उच्च न्यायालयात सनद मिळण्यास कायद्याची अडचण नसे. अडचण होती ती सनदेच्या फीची. ती रक्कम त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांच्या मदतीने उभी राहिली. सनद मिळाल्यावरही सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरास खटले देण्यास तयार नव्हते. म्हणजे आपल्या माणसाला दोन मान्यता मिळवाव्या लागतात. एक कायद्याची आणि दुसरी समाजाची. समाजाची मान्यता मिळण्यास शतक लागले तरी चालेल असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु कायद्याची मान्यता ही आज, या क्षणी, कागद दाखवून मागता येते, आणि ती हातात असल्याशिवाय दुसरीचा लढा सुरूच होत नाही. बाबासाहेबांनी उधार-उसनवार करून सनद घेतली याचे इंगित हेच आहे.

मान्यता ही नेहमी गुणवत्तेवरच ठरते असा भ्रमही कोणी बाळगू नये. १९३० साली ब्रिटिश वैद्यक परिषदेने हिंदुस्थानातील वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. येथील शिक्षणावर देखरेख करणारी मध्यवर्ती संस्था नाही, हे कारण त्यांनी पुढे केले. त्या धक्क्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा जन्मास आला. १९७५ मध्ये त्याच ब्रिटिश परिषदेने आपल्या पदव्यांची सरसकट मान्यता पुन्हा रद्द केली आणि आपल्या डॉक्टरांस तेथे परीक्षा द्यावी लागू लागली. तेव्हा येथील मोठमोठ्या घराण्यांतील डॉक्टरांना प्रथमच कळले की, आपण शिकलेले दुसऱ्याने मोजावयाचे ठरविले म्हणजे काय वाटते! आपल्याला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. भारतीय वैद्यक परिषदेचा नवा कायदा ३० डिसेंबर १९५६ रोजी झाला. नागपूरची धम्मदीक्षा त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरची आणि बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबरचे; म्हणजे आपला धम्म आणि हा कायदा एकाच वयाचे आहेत. या कायद्याने परदेशी पदव्यांची एक अनुसूची केली होती. तिचे तत्त्व असे की, जो देश आमच्या पदव्या मानील त्याच्या पदव्या आम्ही मानू. पुढे सोव्हिएत संघात शिकून पुष्कळ विद्यार्थी परत आले. १९९१ मध्ये तो संघ फुटल्यावर तिकडे नव्या संस्था उगवल्या आणि त्यांचा दर्जा कोणी तपासावयाचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर कायद्यात दुरुस्ती होऊन २००२ पासून परदेशात वैद्यकी शिकून आलेल्या भारतीय नागरिकास चाळणी परीक्षा अनिवार्य झाली. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत ३०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. येथे राखीव वर्गास सवलत नाही. सर्वांस एकच मर्यादा आहे.

ही परीक्षा किती जण उत्तीर्ण होतात? गेल्या दहा वर्षांतील बहुतेक परीक्षांचे निकाल शंभरात पंधरा ते तीस यांच्या दरम्यान राहिले आहेत. म्हणजे दहा मुले परीक्षेस बसली तर सात-आठ रिकाम्या हाताने परततात. पुन्हा बसता येते, पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण होतात, हे खरे. परंतु त्या मधल्या काळात कर्जाचे व्याज थांबत नाही, आणि ज्या बापाने शेतीचा तुकडा किंवा आईने अंगावरचे सोने विकून २५ ते ४० लाख उभे केले, त्यांस गावात विचारणाऱ्यांची उत्तरे देत बसावे लागते. अशा मुलांपैकी काही खाजगी दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करतात. नाव दुसऱ्या डॉक्टरचे, काम यांचे. नोंदणीवाचून वैद्यकी करणे हा २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खोटी नोंदणी करून देणाऱ्यांच्या नादी लागणे तर त्याहून वाईट. चाळणी परीक्षा उत्तीर्ण नसताना राज्यांच्या परिषदांत नोंद झाल्याच्या आरोपावरून २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय अन्वेषण विभागाने त्र्याहत्तर पदवीधरांविरुद्ध गुन्हा नोंदविला.

परीक्षेच्या आधीचेच नियम असे आहेत की त्यांतील एक चुकला तर परीक्षेस बसण्याचाही अधिकार राहत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी आयोगाने नवे नियम प्रसिद्ध केले. त्या तारखेनंतर परदेशी प्रवेश घेणाऱ्याचा अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा असला पाहिजे, तो इंग्रजीतून असला पाहिजे, आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता झाली पाहिजे. प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत सर्व पुरे झाले पाहिजे. परत आल्यावर येथे आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता. आणि सर्वांत ज्याकडे दुर्लक्ष होते तो नियम असा की, ज्या देशाने पदवी दिली त्या देशात, तेथील नागरिकाप्रमाणेच, वैद्यकी करण्याचा परवाना त्या पदवीने मिळाला पाहिजे. कित्येक देशांत परकीयांस वैद्यकी करू देत नाहीत. तेथे शिकलेल्या मुलाची पदवी अस्सल असूनही येथे अडते. ज्या देशांत आधी जीवशास्त्राची पदवी आणि मग वैद्यकी असा क्रम आहे, तेथे ती आधीची वर्षे ५४ महिन्यांत धरली जात नाहीत. घरी बसून पडद्यावर शिकलेले अभ्यासक्रमही आयोगाला मान्य नाहीत. महामारीत चीनमधून परतलेल्या व १९२२ नव्हे, २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून पळून आलेल्या हजारो मुलांनी त्याची झळ सोसली आहे. शिवाय २०१८ पासून ‘नीट’ उत्तीर्ण झाल्याशिवाय परदेशात वैद्यकीस जाता येत नाही. गेलात तरी परतल्यावर दार बंद आहे.

दलाल म्हणतो, आमचे विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे. बंधूंनो, अशी मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठांची यादी आयोग ठेवीतच नाही. आयोग नियम सांगतो. विद्यापीठ त्या नियमांत बसते की नाही हे तपासण्याचे ओझे विद्यार्थ्यावर आहे. तेव्हा जो कोणी यादीचे नाव घेईल, त्याच्याजवळ दुसरे काही विचारावयाचे शिल्लक राहत नाही.

यावर आपल्यातील काही तरुण मला म्हणतात की, ही परीक्षाच रद्द करा अशी मागणी करू. मला ही मागणी मान्य नाही. अर्धवट शिकलेला डॉक्टर मलबार हिलवर दवाखाना थाटणार नाही. तो आपल्याच वस्तीत येईल, आपल्याच बाळंतिणीला हात लावील. आपल्या लोकांनी चिकित्सेचे हाल पुष्कळ सोसले आहेत. अस्पृश्य रोग्याची नाडी दुरून पाहणारे वैद्य ज्यांनी पाहिले, त्यांच्या नातवंडांनी निकृष्ट चिकित्सेचे समर्थन करावे हे शोभत नाही. बुद्धाने उपदेश केला तो तपासून, कसास लावून स्वीकारण्याचा. कस लावण्यास आपण भ्यावे असे त्यात काही नाही.

मागणी करावयाची ती निराळी आहे. कस सर्वांना एकच लावा. आज परिस्थिती अशी आहे की, येथल्या एखाद्या खाजगी महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या कोट्यातून कोट्यवधी रुपये भरून दाखल झालेला मुलगा विद्यापीठाच्या परीक्षा देतो व त्याच बळावर सनद मिळवितो. आणि किर्गिझस्तानातून आलेल्या मुलास मात्र देशाची वेगळी परीक्षा. येथे शिकलेला आणि बाहेर शिकलेला, दोघांसही सनदेपूर्वी एकच परीक्षा असावी, ही तरतूद २०१९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमातच आहे. ती परीक्षा तीन वर्षांच्या आत सुरू करावयाची होती. मुदत वाढविण्यात आली आणि वाढविलेली मुदतही २०२४ मध्ये उलटून गेली. येथील विद्यार्थ्यांनी व त्यांच्या संघटनांनी तिला विरोध केला. त्यांच्या काही हरकती खऱ्याही असतील. परंतु विरोधाचा आवाज ज्यांचा मोठा त्यांची परीक्षा लांबली आणि ज्यांचा आवाज नाही त्यांची परीक्षा वर्षातून दोनदा नेमाने होत आहे, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. समता म्हणजे परीक्षेची माफी नव्हे. एकाच कामाच्या सनदेस एकच माप असणे, ही समता होय. दुसरी मागणी अशी की, चाळणी परीक्षेचे प्रश्न व उत्तरे प्रसिद्ध केली जात नाहीत, ती व्हावीत. अनुत्तीर्ण झालेल्यास आपण कोठे चुकलो हे कळलेच नाही, तर त्याने शिकावयाचे कसे?

तिसरी गोष्ट आंतरवासितेची. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना येथे रुग्णालयात जागा मिळणे हीच दुसरी लढाई होती. मार्च २०२२ मध्ये आयोगाने पत्रक काढले की, महाविद्यालयांच्या आंतरवासितेच्या जागांपैकी साडेसात टक्क्यांपर्यंत जागा अशा पदवीधरांस द्याव्यात, त्यांच्याकडून त्यासाठी शुल्क घेऊ नये आणि येथील विद्यार्थ्यांइतकेच विद्यावेतन द्यावे. तरीही विद्यावेतनासाठी मुलांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. कोणी तुमच्या मुलाकडे आंतरवासितेसाठी पैसे मागितले, तर हे पत्रक पुढे ठेवा आणि लेखी उत्तर मागा. तोंडी नकारावर कधीही परत फिरू नका. आपल्या लोकांचे निम्मे हक्क कचेरीच्या उंबऱ्यावर तोंडी नकारात मेले आहेत.

मुलींच्या परिचर्येविषयी थोडक्यात सांगतो. ज्या मुली जर्मनीस किंवा इंग्लंडास जाऊ पाहतात त्यांच्याबाबतीत हाच न्याय उलट दिशेने लागू होतो. तेथील परिषद आपल्या पदविकेचे मूल्यमापन करते, भाषेची परीक्षा घेते आणि मगच नोंदणी देते. जर्मनीत त्यासाठी जर्मन भाषा चांगली यावी लागते. तोवर परिचारिका म्हणून नव्हे, तर मदतनीस म्हणून काम करावे लागते. करारावर सही करण्यापूर्वी आपण कोणत्या नावाने कामावर लागणार हे पाहून घ्यावे.

वकिलीचीही गोष्ट बदललेली आहे. बाबासाहेबांच्या काळी विलायतेचा बॅरिस्टर सरळ सनद घेई. १९६१ च्या वकील कायद्यानेही ती वाट काही काळ ठेवली होती, परंतु १९७६ अखेरपर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरतीच. आज परदेशात कायदा शिकलेल्यास भारतीय वकील परिषदेने ती पदवी मान्य केलेली असावी लागते आणि येथे आणखी पात्रता परीक्षा द्यावी लागते. बाबासाहेब ‘ग्रेज इन’ला गेले म्हणून मीही जातो, असे म्हणणाऱ्या तरुणाच्या निष्ठेस माझा नमस्कार, परंतु त्याने नियमही वाचावेत.

आता घरचा प्रश्न. परदेशी पाठविण्यापूर्वी येथली दारे खरोखर ठोठावून पाहिली काय? महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी १३ टक्के अनुसूचित जातींसाठी आहेत आणि त्यांत बौद्ध येतात. शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून खाजगी महाविद्यालयात जागा मिळाली तरी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस शिष्यवृत्तीची किंवा फीमाफीची योजना आहे. ‘खाजगी’ हा शब्द ऐकूनच जे पालक पसंतीक्रमात ती नावे भरीत नाहीत, ते आपल्या हाताने दार लावून घेतात. याउलट परदेशी शिक्षणाची राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती व केंद्राची शिष्यवृत्ती या पदव्युत्तर व संशोधनाच्या शिक्षणासाठी आहेत. वैद्यकीच्या पहिल्या पदवीस परदेशी पाठविले तर तो सारा खर्च आपल्या पदरचा, हे लक्षात असू द्या.

यासाठी जातीचा दाखला वेळीच हवा. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात येथे भय असते की, बौद्ध लिहिले तर सवलत जाईल. हे भय एके काळी खरे होते. दीक्षेनंतर केंद्राने आपणांस अनुसूचित जातींतून वगळलेलेच धरले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून सवलती दिल्या, परंतु केंद्राची मान्यता मिळण्यास १९९० चा कायदा व्हावा लागला. चौतीस वर्षे आपला धर्म आणि आपला हक्क यांतून एकच निवडा असे आपणांस सांगितले जात होते. पुष्कळांनी धर्म निवडला व हक्क सोडला. त्यांच्यामुळे आज तुम्हांला दोन्ही मागता येतात. तेव्हा मूळ जात व बौद्ध धर्म या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख असलेला दाखला आणि वैधता प्रमाणपत्र मूल अकरावीत असतानाच मिळवून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ते होत नाही.

आणि तरीही मूल परदेशी जाणारच असेल, तर दलालास पहिला पैसा देण्यापूर्वी त्याच्याकडून नव्हे, थेट विद्यापीठाकडून लेखी उत्तरे मागवा. अभ्यासक्रम किती महिन्यांचा? सर्व वर्षे इंग्रजीतून का? आंतरवासिता त्याच संस्थेत बारा महिने मिळते का? आणि त्या देशात परकीय पदवीधरास वैद्यकीचा परवाना मिळतो, हे कोणत्या कायद्याने? या शेवटच्या प्रश्नास जे विद्यापीठ उत्तर देत नाही, तेथे मूल पाठवू नका. मुलीस पाठविण्यास कचरू नका, एवढे जाताजाता सांगतो. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि सुतार समाजातील रखमाबाई १८९४ च्या सुमारास विलायतेहून पदव्या घेऊन आल्या. आपल्या मुली त्यांच्याहून कमी धीराच्या नाहीत.

आपल्या तालुक्यात परतलेली आणि चाळणी परीक्षेत अडकलेली मुले किती आहेत, हे आज कोणासच ठाऊक नाही, कारण अपयश घरात लपविण्याची आपली रीत आहे. ती मोडा. अशा मुलांनी आपली नावे विहारात नोंदवावीत. रविवारी वंदनेनंतर विहाराची मागची खोली दुपारपर्यंत रिकामी असते. तेथे एकत्र अभ्यास सुरू करता येईल. जे उत्तीर्ण होऊन आज दवाखाने चालवीत आहेत, त्यांपैकी दोघांनी आळीपाळीने शिकविण्याचे माझ्याजवळ कबूल केले आहे. पुस्तकांसाठी दानपेटीतील रकमेचा काही भाग वेगळा काढावा, असा ठराव मी या सभेपुढे मांडतो. त्यावर चर्चा व्हावी आणि ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो येथेच बोलून दाखवावा.

जय भीम.